तिरकी थाळी

मार्चमध्ये माझा नवरा सुधीर गेला. नोव्हेंबरमध्ये टर्की पडली.

दुसऱ्या घटनेबद्दल मी बोलू शकते.

अमेरिकेत एडिसनला आलो त्या वर्षी सुधीरने जुन्या बाजारातून एका अमेरिकन मासिकाचं पिवळं पडलेलं मुखपृष्ठ आणलं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाचं जेवण. वडील सुरी घेऊन उभे, आजी खुर्चीत, आणि आई थाळीत भाजलेली अख्खी टर्की घेऊन येतेय. वाचकांना पक्षी नीट दिसावा म्हणून चित्रकाराने थाळी चांगलीच तिरकी केलेली.

"दर वर्षी असाच फोटो काढायचा," सुधीर म्हणाला.

सासूबाई शाकाहारी, म्हणून टर्की बटाटा-पनीरची, तंगड्या गाजराच्या. ती सुधीर करायचा. (पुण्यात चहासुद्धा न करणारा माणूस!) थाळी तिरकी धरायचं काम माझं. टर्की कधी हललीसुद्धा नाही. लायब्ररीत पुस्तकांचे ढीग वाहून माझ्या हाताला तोल आलाय, असं मी चारचौघांत सांगत असे.

यंदा घरात सुधीरचं नाव कुणी काढत नव्हतं. सासूबाई माझ्यासाठी गप्प, मी त्यांच्यासाठी. पण फोटो चुकवायचा नाही, हे मी ठरवलं होतं. टर्की मीच केली.

"उंदीर छान झालाय," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या लेकीने, इराने, वडिलांची सुरी घेतली. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून टायमर लावला.

"मोअर, आई! टर्की दिसतच नाहीये. टिल्ट कर ना!"

"माझ्या हातून कधी पडलीय का?" म्हणत मी थाळी थेट चित्राइतकी तिरकी केली.

टर्की निघाली. घाई अजिबात नव्हती. काठाशी जरा थांबली. (मला वाटलं, विचार बदलला!) मग सासूबाईंसमोरच्या कढीत गेली.

"सुधीर, धर!" मी ओरडले.

तेवढ्यात फोटो निघाला.

सासूबाईंनी चष्मा काढला. "तो काय धरतोय आता! खाली कणीक लावली होतीस का?"

"कणीक?"

"दर वर्षी माझ्याकडून गोळा मागून न्यायचा, टर्की थाळीला चिकटवायला. म्हणायचा, 'तिला सांगू नकोस. तिला तिच्या तोलाचा फार अभिमान आहे!'"

"ओ माय गॉड, बाबा!" इरा म्हणाली, आणि आधी ती हसली की सासूबाई, ते मला आठवत नाही. त्या दुपारी आम्ही सुधीरबद्दलच बोलत राहिलो. कढी पनीरसकट संपली.

फोटो फ्रिजवर लावलाय. त्यात इराच्या हातात सुरी आहे, सासूबाईंच्या चष्म्यावर कढी आहे, आणि माझ्या हातात रिकामी थाळी आहे. तोल उत्तम.