झाकणाच्या आतली तारीख

नवीन जालन्यातल्या एका बँकेत कारकून असलेल्या मीनाला जुन्या मनगटी घड्याळांचं वेड होतं. रविवार उजाडला की तिची स्कूटी थेट जुन्या जालन्यात, राजानंदच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानापुढे. मोडीत आलेल्या घड्याळांचं खोकं तो तिच्यापुढे ओतायचा. बंद पडलेलं, काटे तुटलेलं एखादं ती उचलायची, घरी आणून चाकन् चाक सुटं करून धुवायची, आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली की एकटीच हसायची.

"घरात माणसं दोन अन् घड्याळं ढीगभर," म्हणून तिचे वडील, भुजंगआबा, चिडवायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी खोक्यातून चावीचं एक नाजूक बायकी घड्याळ निघालं. मीनानं ते पालथं केलं. मागं नाव कोरलेलं होतं: जयवंता.

जयवंता तिची आत्या. आत्या दहावी पास झाली तेव्हा आबांनीच नाव कोरून हे घड्याळ दिलं होतं. सासरी तिला फार मारझोड व्हायची. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात पूर्णा नदीला पूर आला आणि आत्या गेली. काठावर चपला तेवढ्या सापडल्या, प्रेत नाहीच. तेराव्याचं जेवण मीनाला अजून आठवत होतं. आजी त्या दुःखात झुरून झुरून मेली.

पुरात वाहत आलेलं कुणाला तरी सापडलं असेल, अशी मनाची समजूत घालत तिनं घरी आल्यावर झाकण उघडलं. दुरुस्ती केली की कारागीर झाकणाच्या आतून सुईनं तारीख कोरून ठेवतात. भिंगाखाली एकाखाली एक तारखा दिसल्या. शेवटची पाच वर्षांपूर्वीची. कुणीतरी हे घड्याळ एवढी वर्षं जिवापाड सांभाळलं होतं.

ती तशीच माघारी राजानंदकडे गेली.

"हे कुणी विकलं?"

"एक म्हातारी बाई आल्त्या ताई, अंबडच्या. डोळ्यांनी काटे दिसत न्हाईत म्हणल्या. नाव विचारलं तर घड्याळ पालथं करून दाखवलं. म्हणल्या, हेच."

मीनानं स्कूटी घराकडे वळवली.

घरी येऊन तिनं घड्याळ आबांपुढे ठेवलं. ते कुणाचं, कुठं मिळालं, आबांनी काही विचारलं नाही. त्यांनी ते उचलून मागचं नाव अंगठ्यानं चाचपलं. मग म्हणाले, "कशी हाय ती?"

"आबा! तुम्हाला माहीत होतं?"

"चपला मीच ठेवल्या, मीने. ती माघारी गेली असती तर त्यांनी मारूनच टाकली असती. मंग पहाटंच्या औरंगाबादच्या गाडीत बसवून दिली. म्हणलो, पत्ता कळवू नको, माझ्या तोंडून निघून जाईल."

"अन् आजी? ती तर रडून रडून..."

"मायलाबी न्हाई सांगितलं." आबांनी मान खाली घातली. "तिच्या पोटात न्हाई राहिलं असतं."

ज्या माणसाच्या हातचं खाऊन ती मोठी झाली, तो मीनाला क्षणभर अनोळखी वाटला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिनं आबांना अंबडला नेलं. विचारत विचारत घर सापडलं. दारात एक पांढऱ्या केसांची बाई चाचपडत आली.

"कोण हाय?"

"मी भुजंग."

बाई चौकट धरून उभी राहिली.

"दादा, माय हाय का रे?"

आबा मटकन पायरीवर बसले. उत्तर मीनालाच द्यावं लागलं.