वीतभर उचल

साइटवर आम्ही त्याला 'वरचा' म्हणायचो. उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून माल चढवायचं त्याचं काम, म्हणून वरचा. काम अडलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, "आता सगळं वरच्याच्या हातात." नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. आजही गल्लीत त्याच नावाने हाक मारली तर तो मान वर करतो.

मी खालचा. माल बांधायचा, पट्टे तपासायचे, हुक अडकवायचा आणि हाताने इशारे द्यायचे. टोळी मला मुकादम म्हणायची. तोही तेच म्हणतो.

लोकांना वाटतं, क्रेनवाला बसून खातो. त्यांनी एक दिवस त्या खुर्चीत बसून पाहावं. पाठ टेकायची सोय नाही. पुढे वाकून, दोन पायांच्या मधून, केबिनच्या काचेच्या तळातून खाली बघत राहायचं. हात बोटभर हलवायचा आणि तेवढ्यावर खाली अख्खी तुळई सरकवायची. संध्याकाळी वरचा उतरायचा तेव्हा त्याची मान लाकडासारखी झालेली असायची. घामाचं काम दिसतं, मानेचं दिसत नाही.

आमचे दोन नियम होते. पहिला, वीतभर उचल. माल जमिनीपासून वीतभर उचलायचा आणि थांबायचं. पट्टा सरकतो का, ब्रेक धरतो का, माल कुठे कलतो, हे बघायचं. मग वर. साहेब लोक खालून बोंब मारायचे, पण मी पंजा आडवा धरला की वरचा थांबायचा. मी हलवेपर्यंत थांबायचा.

दुसरा नियम झोक्याचा. क्रेनचा हात थांबतो, पण टांगलेला माल थांबत नाही, पुढे जातो. कच्चा ऑपरेटर घाबरून हात मागे ओढतो आणि झोका वाढवतो. वरचा मालाच्या मागे जायचा. माल पुढे गेला की हातही तेवढाच पुढे, हुक बरोबर मालाच्या डोक्यावर, आणि झोका जागच्या जागी मरायचा. "झोक्याशी भांडायचं नाही मुकादम, त्याच्याबरोबर जायचं," असं तो सांगायचा. वहिनी म्हणतात, झोपेतसुद्धा त्याचे हात तसेच हलायचे.

मग एका सकाळी तो अंथरुणातून उठला आणि खोली फिरली. कानाच्या आतल्या भागाला संसर्ग झाला होता, आणि माणसाचा तोल तिथेच असतो म्हणे. तो पलंगाची कड धरून पडून राहायचा. डोळे मिटले की जास्त फिरायचं. एकदा न्हाणीघरात पडला आणि मनगट मोडलं. वहिनी घरी शिवणकाम करतात. त्या काळात त्यांनी लोकांचं कापड न शिवता परत केलं. तोल हळूहळू आला, पण उंचावर चढायला कोणता डॉक्टर सही देणार? वरचा कायमचा खाली आला.

त्यानंतर तो रोज कुठे ना कुठे चालू असलेल्या बांधकामाच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहायचा. मान वर. घरी आला की कुणाशी बोलायचा नाही.

त्यातून त्याला बाहेर काढलं मुलीच्या कॉम्प्युटरने. ती नोकरीसाठी दूर गेली आणि खेळासाठी घेतलेला तिचा दांडगा कॉम्प्युटर घरीच ठेवून गेली. त्यात तिने बापाला क्रेन चालवायचा एक खेळ टाकून दिला. वरच्याने जुन्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळ्या ठोकल्या आणि त्यावर दोन दांडे बसवले. डाव्याने क्रेनचा हात फिरवायचा, उजव्याने हुक वर-खाली. केबिनमध्ये होतं तसंच. मी मागे उभा राहून बघायचो.

महिनाभरात कुरकुर सुरू झाली.

"मुकादम, पडद्यावर खोली कळत नाही. हुक मालाच्या वर आहे की अलीकडे, तेच दिसत नाही. हे म्हणजे एक डोळा बांधून सुई ओवणं."

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, मग तुम्हाला हेडसेट लागेल. डोळ्यांवर बांधायचा. मान खाली घातली की खाली दिसतं, वर केली की वर."

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरेना.

कानाचे डॉक्टर नको म्हणाले नाहीत, पण हो म्हणतानाही त्यांनी हात राखला. "बसून, थोडा थोडा वेळ. डोकं गरगरलं की लगेच काढायचा. दुखणं परत उलटलं, तर मागच्यासारखं अंथरूण धरावं लागेल." वहिनींनी ते ऐकलं आणि घरी येऊन स्वतःची अट घातली.

"अहो, स्पष्ट सांगते. एकदा जरी तुम्ही भिंत धरलेली मला दिसली, तर हा कॉम्प्युटर पोरीकडे परत जाईल. मी पुन्हा तुमच्या उशाशी तसले दिवस काढणार नाही."

"मी कुठे मजेत काढले होते?"

"म्हणून तर सांगते."

पण हेडसेट घ्यायचा तर दोन बुबुळांमधलं अंतर माहीत हवं, असं मुलीने कळवलं होतं. वरचा आरशासमोर पट्टी धरून स्वतःच माप घेत होता आणि दर वेळी वेगळं येत होतं. वहिनी मशीनवरून ते बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "माप असं घेतात होय? सरळ बघा. माझ्या नाकाकडे." त्यांनी गळ्यातली टेप काढली, दोनदा मापलं, आकडा सांगितला आणि परत शिवायला बसल्या. विरोध आपल्या जागी, माप आपल्या जागी.

आम्ही दोघे दुकानात गेलो. काउंटरवर तीन हेडसेट मांडलेले होते. मी पहिल्यांदा पट्टे ओढून पाहिले, शिवण तपासली.

"काका, एवढं ताणू नका," दुकानातली मुलगी म्हणाली.

"ताणल्याशिवाय कसं कळणार?"

"ते डोक्यावर बांधायचंय हो. त्याने कुणाला उचलायचं नाहीये."

वरचा हसला, पण त्याचं चित्त हातातल्या वजनात होतं. दोन हेडसेट पुढून जड होते, नाकावर लोंबायचे. तिसरा बिनवायरचा. त्याची बॅटरी पट्ट्यात मागच्या बाजूला होती, त्यामुळे डोक्यावर ठेवला की पुढचं-मागचं समान. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. क्रेनच्या हाताला मागे वजन लागतंच, नाहीतर ती तोंडावर पडते. उभा जन्म हेच पाहिलेली आम्ही माणसं. चित्र कसं येतं, कुठून येतं, हे विचारायचं आम्हाला सुचलंही नाही. मुलगी म्हणाली होती, "बाबा, वायरवाला घ्या." तेही आम्ही विसरलो.

त्याला खुर्चीत बसवून दुकानातल्या मुलीने तो हेडसेट बांधला. आत आकाशात तरंगणारा फुगा होता, आणि हा त्याच्या पाळण्यात. थोडा वेळ ठीक गेलं. तो म्हणाला, "खोली दिसतेय मुकादम. खरी खोली." आवाज जुना वाटला, केबिनमधला.

मग त्याने मान वळवली. वायर नसल्यामुळे चित्र हवेतून येत होतं, आणि दुकानात तशी बरीच यंत्रं चालू होती. चित्र अडखळलं. मान आधी गेली आणि जग मागून आलं. दुसऱ्या कुणी पटकन डोळे मिटले असते, हेडसेट ओढून काढला असता. वरच्याच्या अंगाला ते माहीत नव्हतं. त्याला तो झोका वाटला, आणि झोक्याबरोबर जायचं हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो कलला. जग आणखी सरकलं, तो आणखी कलला. मी त्याचा कमरेचा पट्टा मागून धरला नसता तर तो खुर्चीसकट काउंटरवर गेला असता.

"झोका मरत नाहीये," तो म्हणाला. एवढंच.

मी हेडसेट काढला. तो घामाने थबथबला होता आणि त्याची बुबुळं एका जागी ठरत नव्हती. दुकानातली मुलगी धावत पाणी घेऊन आली. बिचारीचाही चेहरा उतरला होता.

बाहेर जिन्यापाशी बाक होतं. तिथे बसलो.

"हिला सांगू नकोस."

"विचारलं तर सांगणार."

"ती विचारत नाही. ती बघते."

पुढचे दिवस वाईट गेले. तो चालायचा, जेवायचा, बोलायचा, पण वळताना बोटं भिंतीला लागायची. नुसती टोकं, कुणाला कळू नये अशी. मी रोज सकाळी जायचो. वहिनींचं मशीन चालू असायचं. हा उठला की मशीन थांबायचं. खुर्चीत बसला की सुरू. पाण्याला उठला, थांबलं. आला, सुरू झालं. वहिनी मान वर करत नसत. मला ते थांबणं दुरूनच ऐकू यायचं. परत उलटलं तर? पलंगाची कड, परत केलेलं कापड, सगळं पहिल्यापासून? आणि कॉम्प्युटर गेला तर परत ते कुंपण.

शेवटी तो अंघोळीला गेला असताना वहिनींनी मशीन थांबवलं ते थांबवलंच.

"भावजी, दुकानात काय झालं?"

मी सांगितलं. काही राखलं नाही. त्या ऐकत होत्या, हातातल्या कापडाची शिवण नखाने दाबत होत्या.

"कलले तेव्हा ते कुठे बघत होते?"

"कुठे बघणार? त्यात बाहेरचं काही दिसत नाही वहिनी. चारी बाजूंनी बंद."

"हां." त्यांनी मशीनच्या पायडलवरच्या आपल्या पायांकडे पाहिलं. "आजारात फिरायला लागलं की ते माझ्या पायांकडे बघायचे. म्हणायचे, तू हलू नकोस, तू हललीस की सगळं हलतं. मी तशीच बसायची, पायाला मुंग्या येईपर्यंत."

मी खाली उभा असायचो, तेव्हा तो दोन पायांमधून माझ्याकडे बघायचा. ते मी काम समजत होतो.

"तुमची अट?" मी विचारलं.

"अट मोडली. बघितलं मी भिंत धरलेली." त्यांनी दोरा तोडला. "पण त्या कुंपणापाशी उभं राहणं पण बघितलंय. त्याला काय बरं होणं म्हणायचं? त्यांची बोटं भिंतीवरून सुटू देत, मग मी येते दुकानात."

बोटं सुटायला वेळ लागला. डॉक्टरांनी सांगितलेले मानेचे व्यायाम तो सकाळ-संध्याकाळ करायचा, चुकवायचा नाही. काम अंगावर घेतलं की तो टाळत नाही, हे मला माहीत होतं. मग एकदा आम्ही तिघे निघालो.

वहिनींनी पट्टे पाहिले नाहीत, वजन पाहिलं नाही. सरळ विचारलं, "खालून फट असलेला कोणता आहे?"

दुकानातल्या मुलीला वाटलं, तक्रार आहे. "हा जुना वायरवाला आहे काकू, पण नाकापाशी उजेड आत येतो म्हणून लोक नको म्हणतात. आम्ही बरोबर रबर देतो, ते लावलं की बंद."

"रबर नको. आणि वायर म्हणजे चित्र अडखळत नाही ना?"

"कॉम्प्युटर दणकट असेल तर नाही अडखळत."

"मग हाच."

तो पुढून जड होता. वरच्याने तो हातात तोलला आणि तोंड वाकडं केलं.

"मागे वजन शिवून देईन," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दिलंही. वाळूची छोटी पिशवी, मागच्या पट्ट्याला.

घरी पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसला. मी मागे, हात पाठीवर. वहिनींनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसल्या, दोन्ही पाय जमिनीवर, त्या फटीतून दिसतील असे.

"दिसतात का?"

"दिसतात. चपलेचा अंगठा तुटलाय तुझा."

"नंतर बघा चपला. चालवा."

त्याने दांडे धरले. पडद्यावर आम्हाला दिसत होतं, तुळयांची मोळी, वर हुक. हुक खाली आला, अडकला. त्याची मान लाकडासारखी होती आणि कानामागून घामाचा एक ओघळ निघाला होता. मोळी जमिनीवरून सुटली.

"थांब," मी म्हणालो. माझा पंजा आपोआप आडवा झाला होता. त्याला तो दिसत नव्हता.

तो थांबला. मोळी थोडी हलली. त्याचं अंग तिच्या मागे निघालेलं माझ्या हाताला कळलं, पाठीचा स्नायू ताणला गेला. वहिनी पाय न हलवता बसल्या होत्या. त्याची नजर खाली गेली असावी, कारण पाठ परत जागेवर आली. फक्त डाव्या दांड्यावरचं बोट सरकलं. झोका मेला.

"आता खाली ठेवा," वहिनी म्हणाल्या.

"एवढंच? वीतभरच तर उचललंय."

"आज वीतभरच."

त्याने मोळी खाली ठेवली आणि हेडसेट काढला. आम्ही दोघांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळं ठरलेली होती. तरी वहिनींनी त्याला दारापर्यंत चालायला लावलं. त्याने हात पाठीमागे बांधले आणि चालून दाखवलं, जरा जास्तच ताठ.

वहिनी मशीनवर जाऊन बसल्या आणि शिवायला लागल्या. थोड्या वेळाने वरचा पाण्यासाठी उठला. मी कान देऊन होतो. मशीन चालूच राहिलं.

आता तो रोज थोडं वर नेतो. मी अजून खुर्चीमागे उभा राहतो. कुणी सांगितलेलं नाही. उभं राहणं हेही कामच आहे, आणि ते अर्धवट सोडायची मला सवय नाही.