लाकडाची चादर

आमचे आप्पा रस्त्याच्या खात्यात मैलकुली होते. भांडगावजवळचा सोलापूर रस्त्याचा एक तुकडा त्यांच्याकडे असायचा. खड्डे बुजवायचे आणि उन्हाळ्यात कडेच्या रोपांना पाणी घालायचं. तिथल्या चिंचा आणि कडुनिंब त्यांनीच वाढवलेले. रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा ती झाडं तोडली. आप्पा निवृत्त झाले होते, तरी तोडणी संपेपर्यंत रोज तिथं जाऊन उभे राहत. 

पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी तळेगाव ढमढेऱ्याहून, सासरहून, आईच्या मदतीला येऊन राहिले. उन्हाळ्याचे दिवस. पॉलिस्टरच्या चादरीवर त्यांची पाठ घामानं चिकटायची, कूस बदलताना कातडी ओढली जायची. सुती चादरी होत्या त्या जुन्या, ठिगळांच्या. त्यांच्या शिवणी रुतायच्या. माकडहाडापाशी आधी लाल झालं, मग जखम झाली.

भाऊ सणसवाडीला, परदेशात चादरी पाठवणाऱ्या एका कंपनीत होता. किरकोळ डाग पडल्यामुळं बाजूला काढलेल्या दोन चादरी तो विकत घेऊन आला. कापड हाताला गार लागत होतं, आणि इतकं मऊ की आई बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसली. भाऊ कौतुकानं सांगू लागला की हे सूत लाकडाच्या लगद्यापासून काढतात, ते घाम शोषून घेतं आणि अंगाला घासत नाही.

आप्पांनी डावा हात वर केला.

"कुठली झाडं तोडली?"

भावानं चादरीच्या कडेची पट्टी उलटून पाहिली, तिच्यावर झाडाचं नाव नव्हतं.

"मंग नको. हाय त्येच्यावर पडतो."

मला राग आला. झाडं तर तोडून झाली, आता तुम्ही जखम वागवून काय होणार, असं मी बोलून गेले. त्यांनी भिंतीकडं तोंड वळवलं. आईनं चादरी घडी घालून ठेवून दिल्या.

भावानं कंपनीत विचारून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी आप्पांच्या उशाशी बसून सांगितलं. ही झाडं त्यासाठीच लावतात. एकीकडची तोडली की तिथंच पुन्हा लागवड करतात, रानातल्या झाडांना हात लावत नाहीत.

"तू बघितलं का?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई आप्पा. सायबांनी सांगितलं."

आप्पांनी डाव्या हातानं अंगाखालची चादर चाचपली. मग म्हणाले, "परत लावत असत्याल तर टाक."

त्या दुपारी ते शांत झोपले. पाठ कोरडी राहायची, आणि चादर अंगाखाली अडकत नसल्यामुळं कूस बदलणं आम्हा दोघींना जमू लागलं. जखम भरली ती मलमपट्टीनं, सगळं श्रेय कापडाला देता येणार नाही. पण नवी जखम झाली नाही. ओलं असताना हे कापड आपटायचं नाही, असं भावानं बजावलं होतं. आई ते बादलीत हलक्या हातानं धुवायची.

दिवाळीनंतर आप्पा गेले. घरात बुद्धवंदना झाली, पाहुणे परतले. आमच्या वस्तीत एक म्हातारी अंथरुणाला खिळून होती. आईनं दोन्ही चादरी धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि तिच्याकडं नेऊन दिल्या. तिच्या सुनेनं विचारलं, कसलं कापड म्हणायचं हे?

"लाकडाचं हाय," आई म्हणाली, "पन रुतत न्हाई."