बाबांचे सकाळचे सात

डॉक्टरांनी सरळच सांगितलं. गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. गुरुवारी नागपूरला भरती, शुक्रवारी ऑपरेशन. बाबांनी मान डोलावली आणि एकच गोष्ट विचारली, तीही डॉक्टरांना नाही, मला.

"त्याच्या आंधी तिघाइसंगं एका टायमाले बोलता येईन का?"

"येईन जी. मी जुळवते."

बोलून तर बसले. तिघं म्हणजे माझी भावंडं. मोठा भाऊ मेलबर्नला, धाकटी बहीण जर्मनीत, सगळ्यात लहान भाऊ टोरंटोला. मी मधली, सौंसरला शाळेत शिकवते आणि बाबांजवळ राहते. एकेकट्याशी बाबा बोलतच असत. पण आई गेल्यापासून तिघं एकाच वेळी कधी फोनवर आले नव्हते. एकाची सकाळ असली की दुसऱ्याची रात्र, आणि तिसरा कुठल्यातरी मीटिंगमध्ये अडकलेला.

त्यात अडचण बाबांच्या आवाजाची. सकाळी उठल्यावर तासभर तो बरा असायचा. आठ वाजले की घोगरा होऊन बसायचा, दुपारी नुसती हवा. म्हणजे आमचे सकाळचे सातच पाहिजेत. मेलबर्नला तेव्हा साडेअकरा, ठीक. टोरंटोला आदल्या रात्रीचे साडेनऊ, तेही ठीक. जर्मनीत साडेतीन! बहिणीला विचारलं तर म्हणाली, "ताई, मी जागी राहीन, तू फक्त वेळ सांग."

मी सांगितली. तिघांना वेगवेगळा मेसेज केला. बहिणीला लिहिलं, सोमवारी रात्री साडेतीन. कॅलेंडरमध्ये सोमवारच दिसत होता, तेच लिहिलं. शाबासकी द्यावी असं काम झालं म्हणून मी खुशीत झोपले.

सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले. मोठा आला, लहान आला. बहीण नाही. फोन लावला, वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. बाबा दोघांकडे नुसते बघून हसत होते, पण तोंडातून शब्द काढेनात.

"बाबा, तुम्ही सुरू करा, येईल ती," मोठा म्हणाला.

बाबांनी हातानंच थांब म्हटलं. एक एक मिनिट जात होतं आणि मी बहिणीचाच नंबर लावत होते. सव्वाआठला बाबांनी घसा खाकरला, बोलायला गेले, आणि आवाजच फुटला नाही. मग फोन माझ्या हातात देऊन ते आत निघून गेले.

दुपारी बहिणीचा फोन आला. ती काहीच बोलण्याआधी मी तोंड सोडलं. "झोपून राहिली होती का गं तू? लाज नाही वाटत?"

"ताई, आज रात्री आहे ना? सोमवारी रात्री साडेतीन. मी मंगळवारचा गजर लावून ठेवलाय."

मी माझाच मेसेज उघडून पुन्हा वाचला. आमच्या घरात अंगणात सडा पडल्याशिवाय दिवस बदलत नाही. बोरगावच्या रस्त्यावर आमचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथं मोटारीसाठी सोमवारची विजेची लाईन रात्री दोनला आली तरी ती सोमवारचीच लाईन. बाबा मोटार सुरू करायला जायचे ते सोमवारीच जायचे, कोणी मंगळवार म्हणालं तर त्याला वेड्यात काढलं असतं. बहीण इतकी वर्षं तिकडं राहिली, पण माझा मराठी मेसेज वाचताना बगीच्यातलीच झाली. तिनं रात्र सोमवारच्या पाठीमागे धरली. आणि मी, घरात बसलेली, कॅलेंडरच्या बाजूची झाले. चूक तिची म्हणायला जीभ वळवळत होती, पण वळवू कशी? मेसेज मीच केला होता.

खूप रडले. मग चेहरा धुतला आणि लॅपटॉप घेऊन बसले. बाबांचा घसा इतका बसला होता की मंगळवारी सकाळी आवाज फुटेलसा वाटत नव्हता, पण बाप्पा, अजून बुधवार हातात होता. बुधवारची सकाळ, बस. त्यानंतर सकाळ आली तरी ती दवाखान्याची.

आधीच्या सगळ्या नोंदी पुसल्या. मेसेज नाही, हिशेब नाही, काही नाही. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये शिरले, चारही गावांची घड्याळं शेजारी शेजारी उभी केली, आणि एकच नोंद केली, भारताच्या वेळेत, बुधवार सकाळी सात. तीच तिघांना निमंत्रण म्हणून पाठवली. ज्याच्या त्याच्या फोननं आपापला वार, आपापली वेळ दाखवावी. मग एकेकाला फोन लावला आणि शाळेत पाढे म्हणून घेते तसं म्हणून घेतलं. "तुझ्या फोनवर काय दिसतं ते वाच. वार वाच. तारीख वाच. वेळ वाच. आता पुन्हा वाच."

बहिणीनं तीनदा वाचलं. लहान म्हणाला, मंगळवारी संध्याकाळची शिफ्ट आहे, बघतो. म्हटलं, "बघतो नाही. बदलून घे आणि मला सांग." तासाभरात बदलली म्हणून त्याचा मेसेज आला.

मोठ्यानं मात्र माझं डोकं फिरवलं. "बुधवारी साडेअकराला क्लायंट आहे गं. सोमवारी मी आलो होतो ना? असं कर, तू रेकॉर्ड करून पाठव."

"रेकॉर्ड?" मी ओरडलेच. "बाबा काय भाषण देणार आहेत? त्यांना तू समोर पाहिजे. ते बोलतील आणि तू हो म्हणशील, एवढंच पाहिजे त्यांना. शुक्रवारनंतर ते पुन्हा बोलणार नाहीत, समजून राहिलं ना तुले?"

मी चिडले की वऱ्हाडीवर येते, हे त्याला लहानपणापासून माहीत. तो म्हणाला, "येतो."

मंगळवारी बाबांना जामसांवलीच्या मारुतीला जायचं होतं. नेलं. जाताना नाही, येताना नाही, देवळातही नाही, दिवसभर त्यांनी एक शब्द काढला नाही. ओळखीचे भेटले की हात जोडायचे. एक काकू म्हणाल्या, रागावले का भाऊ? मी म्हटलं, नाही जी, साठवून राहिले.

बुधवारी पावणेसातलाच तिघंही आले. बहिणीचे डोळे सुजलेले, अंगावर शाल. मोठा ऑफिसच्या जिन्यात उभा. लहान गाडीत बसलेला. बाबांनी तिघांनाही घरातल्या नावांनी हाक मारली, आणि सातच्या ठोक्याला बोलायला लागले.

मोठ्याला म्हणाले, "तू पयल्यांदा गेला तवा मी पांढुर्ण्याच्या स्टेशनावर आलो नाई. तुले वाटलं मी नाराज हाय. मी नाराज नव्हतो रे. गाडी हलली असती अन् मी लेकरासारखा रडलो असतो, मनून नाई आलो." मोठा जिन्यातच खाली बसला.

बहिणीला म्हणाले, "तुह्या लग्नाले मी नाई म्हनलो, ते चुकलं माह्यं. जावई चांगला हाय. त्याले सांगजो." तिनं शाल तोंडावर ओढली.

आणि लहानाला, "तू टायमावर जेवत जाय बाबू. फोटोत लय बारीक दिसतं." त्यावर सगळेच हसले, रडता रडता.

मी फोन धरून उभी होते. हात भरून आला होता, पण हलवला नाही. आठ वाजायला आले तेव्हा बाबांनी स्वतःच हात हलवून निरोप घेतला. जमलं! मी मनातल्या मनात ओरडले. जमवलं मी.

मग लगेच नागपूरची पिशवी भरायला घेतली. रिपोर्ट, चादर, बाबांची वाटी. बाबा टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघत होते. चार घड्याळं अजून तशीच उघडी होती. त्यांनी बोट ठेवून एकेक वाचलं. मेलबर्न मोठ्याचं, बर्लिन बहिणीचं, टोरंटो लहानाचं. चौथ्यावर, आपल्या इथल्या घड्याळावर, बोट थांबलं.

"अन् तुह्यं?" आवाज तेव्हा निम्मा गेला होता.

"माझं काय, बाबा? मी तर इथंच असते."

"मनूनच राहून गेलं," ते म्हणाले.

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. वर्षानुवर्षं एका घरात राहिलो, आणि आमचं बोलणं म्हणजे औषध घेतलं का, मोटार बंद केली का, गॅस संपला का. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी तिघांच्या वेळा शोधत होते. माझं बाबांशी बोलायचं राहिलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आता बोलू नका," मी म्हटलं. "आज एक शब्द बोलायचा नाही. समजलं?"

ते हसले, आणि गप्प झाले.

गुरुवारी आमच्यासोबत गाडीतून यायला काका तयार होते, आत्या तयार होती, शेजारचेही तयार होते. मी एकालाही घेतलं नाही. बसनं या, मागून या, दुपारी दवाखान्यात भेटा, म्हणून सांगितलं. आत्या फुगली. फुगू दे म्हटलं. कॅलेंडर उघडलं, गुरुवार सकाळी सहा ते आठ अशी नोंद केली आणि निमंत्रण कोणालाच पाठवलं नाही.

सहाला मी स्टिअरिंगवर बसले, बाबा शेजारी. सौंसर मागे पडलं तशी मी म्हटलं, "बोला जी, आता."

ते बोलले. सावनेरपर्यंत स्पष्ट, त्यानंतर घोगऱ्या आवाजात, आणि नागपूर आलं तेव्हा मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागत होता. म्हणून शेवटी दवाखान्याच्या फाटकापाशी गाडी थांबवली, आणि त्यांचं पूर्ण होईपर्यंत तिथंच बसून राहिले.

काय बोलले ते तिघांनीही मला विचारलं. मी अजून कोणालाच सांगितलं नाही.