ऐकणाऱ्या बाईच्या खिडकीखाली

मेहकरला पुतणीकडे गेलो होतो. दुपार उलटली होती, चहा होत होता आणि खामगावहून सलीमभाईंचा फोन आला. वसुधाताईंच्या घराखाली त्यांचं कापडाचं दुकान आहे. फोनमध्ये डीजेचा असा दणका, की त्यांचा शब्द कळेना. जरा बाजूला जाऊन बोला म्हटलं, तर म्हणाले, "बाजू राह्यली कुठे सर आता?" मग ओरडून म्हणाले, "ताई गेल्या." मी विचारलं, "कुठे गेल्या?" त्यांना पुन्हा ओरडावं लागलं... आणि मागे तो ठोका तसाच चालू. माणूस मेल्याची बातमी धड ऐकू जात नाही एवढा आवाज आमच्या गल्लीत होतो, आणि तो बंद करावा असं कोणाला वाटत नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी ताईंवर 'काही हृद्य' लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. राग ओसरेल म्हणून इतके आठवडे थांबलो. तो ओसरलेला नाही, तेव्हा आहे तसं लिहितो.

वसुधाताई आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. त्या गणित, मी इंग्रजी. त्यांचे यजमान तेलगिरणीत इंजिनिअर होते. यंत्रं पाहायला त्यांना एकदा इटलीला पाठवलं, तिथून त्यांनी बायकोसाठी एका ऑपेराच्या रेकॉर्डचा संच आणला. साडी आणायची सोडून हे काय आणलं म्हणून ताई आठवडाभर धुसफुसल्या, आणि मग एका दुपारी सहज लावून बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्या संगीत नाटकातली गोष्ट साधी होती. लोकांनी नावं ठेवलेली, क्षय झालेली एक बाई. तिचं एका सरळ मुलावर प्रेम. मुलाचा बाप येऊन घराण्याच्या अब्रूसाठी तिला दूर व्हायला सांगतो. ती होते, आणि शेवटी मरते. इटलीत हा ऑपेरा लोकांना तोंडपाठ आहे म्हणतात. सोबतची इंग्रजी पुस्तिका मी त्यांना समजावून द्यायचो, आमची मैत्री तिथून सुरू झाली. यजमान गेल्यावर परदेशातल्या मुलाने त्याच ऑपेराचे आणखी दोन जुने संच पाठवले, आणि रविवारच्या दुपारी आम्ही तीनही बायका शेजारी शेजारी ठेवून ऐकू लागलो. 'बायका' म्हणजे तीन संचांतल्या तीन गायिका, हा शब्द त्यांचाच.

पहिली बाई यजमानांनी आणलेली. प्रत्यक्ष नाट्यगृहात टिपलेली, खरखरीत, मधे प्रेक्षकांचा खोकलाही ऐकू येणारी. दुसरी स्टुडिओतली, सूर असा की बोट ठेवावं तर घसरेल. तिसरीचा आवाज वयाने विरलेला, वरच्या सुरांना किनार फाटलेली. मला दुसरी आवडायची. ताईंना ती बिलकूल चालायची नाही. "सर, हिले मराचं आहे, अन् हिचं सारं ध्यान आवाजात. मरून राह्यली का आरसा पाहून राह्यली?" पुण्यात मीनलच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या सासरी असंच काही बोलल्या तेव्हा तिथल्या मंडळींना त्यांच्या भाषेचं हसू आलं होतं. ताईंनी भाषा बदलली नाही, मताचा तर प्रश्नच नव्हता. शेवटच्या अंकात मरणाऱ्या त्या बाईला क्षणभर वाटतं की अंगात बळ येतंय, आपण जगणार. ती उठते आणि कोसळते. पहिल्या संचात ते उठणं किंकाळीसारखं आहे, दुसऱ्यात फार सुंदर आहे. तिसऱ्यात मात्र ती आधी जवळजवळ बोलते, हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं. त्या जागी ताई मला श्वाससुद्धा जोरात घेऊ देत नसत. "हिलेच ठाऊक आहे की हे खरं नाई," त्या म्हणायच्या. मी वर्षानुवर्षं वाद घातला. हळूहळू मलाही तिसरीच्या त्या कुजबुजीत असं काही ऐकू येऊ लागलं, जे दुसरीच्या लखलखीत सुरात कधी आलं नव्हतं. ते ऐकायला फक्त खोली शांत हवी होती.

शांतता मागितली म्हणून या बाईला गावाने काय काय म्हटलं ते लिहितो. गल्लीच्या तोंडाशी मंगल कार्यालय झालं आणि लग्नसराईत प्रत्येक वरात त्यांच्या खिडकीखाली थांबू लागली, कारण तिथे रस्ता थोडा रुंद आहे. गाडीवर भिंतीएवढे स्पीकर. कपाटातली भांडी वाजायची, सलीमभाईंच्या दुकानातली काच एकदा तडकली. ताई खाली जाऊन सांगायच्या, अर्ज द्यायच्या, फोन करायच्या. "एक दिवसाची तर गोष्ट हाय काकू," असं त्यांना दर वेळी सांगितलं जायचं, आणि तो एक दिवस दुसऱ्याच कोणाचा तरी असायचा. कार्यालयाच्या मालकांनी तर मला रस्त्यात गाठून हसत सांगितलं, "तुमच्या ताईले गाण्याची आवड नाई वाटते." मला त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. गेल्या लग्नसराईनंतर ताईंच्या उजव्या कानात शिट्टी वाजू लागली, ती थांबलीच नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऐकणं बरंच गेलंय, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा. जपायचं कसं, ते सांगितलं नाही.

मग एका रविवारी मी दुसरी बाई लावली. शेवटचा अंक आला. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पाहा, तिसरीसारखी कोणीच नाई." मी सुई उचलून ठेवली. पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, उठून संचाच्या खोक्यावरचं दुसरीचं चित्र पाहिलं... आणि खोकं बंद केलं. "काऊन सांगितलं नाई सर?" एवढंच विचारलं. पुढच्या रविवारी गेलो तर चहा दिला, शेंगदाण्याची चिक्की दिली, नातवाच्या परीक्षेचं बोलल्या. समोरच्या खोलीतून रेकॉर्ड प्लेअर नाहीसा झाला होता. मला वाटलं, त्यांनी ऐकणं सोडलं.

त्या दिवशीचं सलीमभाईंनी सांगितलं ते असं. वरात आली, थांबली. ताई जिना उतरून खाली आल्या आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, बाबू, माह्या छातीत कसंतरी होऊन राह्यलं, बंद कर. त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. नाचणाऱ्यांपैकी कोणीतरी त्यांच्याभोवती नाचू लागला. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. सलीमभाईंनी ऑटो बोलावला, तो वरातीच्या पलीकडे अडकला. "हात जोडले मी सर, एकेकाले हात जोडले," सलीमभाई सांगत होते. ऑटो आत आला तेव्हा उशीर झाला होता. कागदावर हृदयविकार लिहिलं, वय लिहिलं. ते खोटं नाही म्हणून कोणी दोषी नाही. शोकसभेला मंगल कार्यालयाचे मालक पहिल्या रांगेत होते. उठून म्हणाले, ताई अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या, त्यांना मरणही कसं चटकन आलं, भाग्यच. मी उभा राहिलो आणि म्हणालो, त्या शांत नव्हत्या, त्या शांतता मागत होत्या आणि तुम्ही दिली नाही. मला बाहीला धरून खाली बसवण्यात आलं. ही जागा नव्हे, असं नंतर बऱ्याच जणांनी समजावलं. ती जागा कुठली, ते मात्र कोणी सांगत नाही.

तेराव्यानंतर मीनलने मला घरी बोलावलं. मागच्या बाजूला धान्य ठेवायची खोली आहे, तिकडे मी कधी गेलो नव्हतो. तिने दार उघडलं. खिडकीवर दोन जुन्या रजया खिळ्यांनी ठोकल्या होत्या. खिळे वाकडेतिकडे, काही ठोकताना वाकलेले. ताईंनीच ठोकले असणार. दाराच्या फटीत जुन्या साड्यांच्या पट्ट्या कोंबलेल्या. ज्वारीच्या कोठीवर रेकॉर्ड प्लेअर होता, आणि एक स्पीकर खाली जमिनीवरच्या उशीवर आडवा ठेवलेला. उशीच्या अर्ध्या भागात डोक्याचा खळगा होता, डाव्या, शिट्टी नसलेल्या कानावर झोपल्यावर पडतो तसा. मीनल म्हणाली, "काका, हे काढून टाकू का?" मी नको म्हटलं. घराची किल्ली आता माझ्याकडे असते. गेल्या आठवड्यात वरात आली तेव्हा मी त्या खोलीत जाऊन दार लावलं, पट्ट्या नीट बसवल्या, आणि ताई पडत असतील तसा डाव्या कुशीवर पडून राहिलो. रजयांतून तो आवाज आत येत होता. खिळे थरथरत होते.