उन्हाळा गिळणारी रेघ

पाण्याच्या पाहणीला आलेला तो माणूस शेणवे गावात आमच्या ओटीवर लॅपटॉप उघडून बसला होता. आमच्या पाड्याला टँकर द्यायचा की नाही, हे त्याच्या आलेखावर ठरणार होतं. विहिरीत दोरी सोडून दर आठवड्याची मापं मी घेतली होती; त्यांचेच ठिपके त्याने आलेखावर मांडले होते. मे महिन्यात दोरी कोरडीच वर आली होती. पण पडद्यावरची रेघ मेमध्येही खुशाल पाण्यातून चालली होती.

दर वाक्याला तो चष्मा वर सारायचा आणि बोटाने रेघ आणखी गुळगुळीत करायचा.

"अहो, बारीक चढउतार पुसले की कल दिसतो, हे मलाही कळतं. पण तुम्ही उन्हाळाच पुसलात! गुळगुळीतपणा जरा कमी करा," मी म्हणालो.

त्याने कमी केलं. रेघ मेमध्ये धाडकन तळाला गेली. त्याने ती लगेच पहिल्यासारखी केली.

"काका, एवढी वाकडी रेघ वर पाठवली, तर पुन्हा तपासायला मलाच पाठवतील."

"मंग या ना साहेब," आतून बायको म्हणाली, "येताना हंडा भरून आना. इथं पानी नाय."

त्याने चष्मा वर सारला आणि लॅपटॉप मिटला.

टँकर नामंजूर झाला. अहवालात माझा एकही ठिपका त्याने खोडला नव्हता. मेमधले ठिपके तळाशी तसेच होते. रेघ तेवढी त्यांच्या डोक्यावरून निघून गेली होती.