मामीच्या गवताची सोयरीक

मामीची रोपवाटिका खाडीला लागूनच होती. पाण्याने किनारा खाल्ला की तिथे खारं गवत लावायला मामीलाच बोलावणं यायचं. तिचा आवाज खणखणीत, आणि स्वतःच्या हातावर भरवसा त्याहून खणखणीत. एक उंच, तजेलदार ठोंब तिने वर्षानुवर्षं जपला होता. त्याचेच फुटवे काढून ती सगळीकडे लावायची.

जुन्या बोटदुरुस्तीच्या आवाराजवळ मात्र हेच गवत पिवळं पडून आडवं झालं. तिथला मुकादम म्हणाला, "भरतीनं मारलं, ताई."

"भरती काय आज आली?" म्हणत मामीने चिखलासकट एक रोप उपटलं, बादलीत घातलं आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. माझी आई, म्हणजे तिची नणंद, वनस्पतींच्या प्रयोगशाळेत कामाला.

दुसऱ्या दिवशी आईने मुळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मामीला बोलावून घेतलं. "वहिनी, मुळांत बुरशी जवळजवळ नाहीच."

"मग चांगलंच की!"

"अहो, ही बुरशी कामाची. खाऱ्या चिखलात रोपाला तगून राहायला मदत करते. पण प्रत्येक चिखलात प्रत्येक वाणाचं तिच्याशी जमतंच असं नाही. ते त्याच्या रक्तातच असतं. तुमची सगळी रोपं एकाच ठोंबाची, म्हणून एकाचं बिनसलं की सगळ्यांचं बिनसलं."

मामीचा चेहरा पडला. लाडक्या ठोंबाबद्दल तिने कधी वावगा शब्द ऐकून घेतला नव्हता. पण ती चहाचा कप बाजूला सारून उठली. पदर खोचत म्हणाली, "ठीक आहे. सोयरीक जुळत नसेल तर दुसरी स्थळं बघू."

त्या हंगामात ती खाडीचे सगळे फाटे फिरली. तेच गवत, पण कुठे बुटकं, कुठे रुंद पानांचं, कुठे लालसर दांड्यांचं. ठिकठिकाणचे ठोंब आणून तिने आवाराजवळ आपल्या उंच गवतात मिसळून लावले. मुकादम हसला, "ताई, गबाळं दिसतंय हो."

"दिसू दे. मला टिकायला हवंय."

पुढच्या वर्षी पावसाळी उधाणं येऊन गेली, तरी तिथला चिखल हलला नाही. सगळ्यांत जोमात होतं ते बुटकं गवत. आईने त्याची मुळं तपासली, तर ती बुरशीच्या धाग्यांनी भरलेली. उंच गवतही पाण्यापासून वरच्या अंगाला मजेत उभं होतं. ते पाहून मामी जरा जास्तच खूश झाली.

आता कुणी रोपं मागायला आलं की ती आधी विचारते, "चिखल आणलाय का तिथला?" नसेल आणला, तर कुठलं गवत जुळेल ते कसं कळणार, म्हणून सरळ परत पाठवते.